जिनिंगच्या जागेवर गावाचं केंद्र: आधीपासूनच्या वाटांचं काय करायचं?

पऱ्हाटी

नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे, आधीच सांगते.

मी वास्तुविशारद आहे, नागपुरात काम करते. माहेर पश्चिम विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी. गावाच्या मधोमध, आठवडी बाजाराला लागून, साडेतीन एकरांत एक बंद पडलेलं जिनिंग-प्रेसिंग आहे, म्हणजे कापसातून सरकी काढून रुईच्या गाठी बांधायचा कारखाना. कितीतरी वर्षं तिथे रुईची गाठ बांधली गेलेली नाही. जागा आता नगरपरिषदेकडे आलीय, तिथे ‘बहुउद्देशीय क्रीडा व सांस्कृतिक संकुल’ करायचं ठरलंय आणि आराखडा माझ्याकडे आलाय. आनंद खूप आहे, पण झोप उडालीय.

हातात मिळालेल्या कागदावर असं आहे: तीन मजली आरसीसी इमारत, दर्शनी बाजूला काच, एसी सभागृह, सात फुटी कंपाउंड, मोठी कमान. जुन्या शेडपुढे एकच शब्द, ‘पाडणे’.

आता जागा सांगते. पूर्वेला बाजार, उत्तरेला जिल्हा परिषदेची शाळा, पश्चिमेला नाला, नाल्यापलीकडे वस्ती. वस्तीतून बाजारात रस्त्याने यायचं तर मोठा वळसा पडतो. जिनिंगच्या पडक्या भिंतीतून आलं तर चार मिनिटं लागतात. म्हणून तिथून एक पायवाट पडलीय, टणक, मधोमध गवताची काडी नसलेली. शाळेची मुलं त्याच वाटेने जातात, गुरुवारी भाजीच्या टोपल्या त्याच वाटेने येतात. आत दगडी भिंतींच्या दोन शेड आहेत, सागवानी कैच्या (छत पेलणारे त्रिकोणी सांगाडे) आणि मंगलोरी कौलं असलेल्या. बाहेर कापूस पसरायचा मोठा सिमेंटचा ओटा आहे. वजनकाट्याजवळ एक जुना कडुनिंब.

पहिल्यांदा मोजणीला गेले ती सकाळी अकराला. कोणी नव्हतं. मी नकाशावर लिहिलं, ‘मोकळी, वापरात नसलेली जागा’. दुसऱ्यांदा मार्चमध्ये दुपारी चारला गेले, तर अर्ध्या ओट्यावर कुरडया वाळत होत्या, उरलेल्या अर्ध्यावर पोरं टेनिस बॉलने खेळत होती आणि चेंडू कुरडयांत गेला की खेळ थांबवून एकच मुलगी तो आणायला जायची, कारण तिची आई तिथे बसलेली. निंबाखाली पत्त्यांचा डाव. शेडमध्ये बाजारातल्या दोन बाया बाळाला झोपवून स्वतःही आडव्या झालेल्या. मी तिथेच बसून ‘वापरात नसलेली’ खोडलं.

म्हणजे केंद्र तिथे आधीच आहे. इमारत तेवढी नाही. आता इमारत आणताना ते केंद्र मोडणार नाही हे कसं बघायचं? कंपाउंड घातलं की पायवाट मेली. पायवाट ठेवली तर ‘सुरक्षित नाही’ म्हणून सगळे अंगावर येतात. तुम्ही पाहिलेली, वापरलेली, चाललेली किंवा फसलेली ठिकाणं सांगा. कोणत्याही गावातली चालतील, देशाबाहेरचीही.

---

मैदानी

ताई, वाचलं सारं. मी तिथंच असतो पहाटं पाच वाजता. पोट्ट्यायले भरतीचं शिकवतो. पोरीही येतात, आता बारा झाल्या.

तुमच्या कागदावर पार्किंग कुठं दाखवलं थे सांगा पहिले. जिथं पार्किंग दाखवतात ना, तिथंच आमचं मैदान असते.

पोलीस भरतीले पोरांसाठी १६०० मीटर आणि १०० मीटर, पोरींसाठी ८०० आणि १००, अन् दोघायले गोळाफेक. आमाले इतकंच पाह्यजे. लोक म्हणतात ४०० मीटरचा ट्रॅक करा. साडेतीन एकरात थो बसत नाही, बाकी सारं पाडलं तरी नाही. आठ लेनचा ४०० मीटरचा ट्रॅक बाहेरून १७७ बाय ९३ मीटरच्या आसपास जाते, म्हणजे चार एकर त्यालेच लागतात. आमाले २०० मीटरचा फेरा द्या, मुरूम दाबून. आठ फेरे झाले का १६००, चार फेरे झाले का ८००. पोरायले हिशोबही सोपा. अंड्यासारखा गोल नसला तरी चालते, निंबाले वळसा घालून गेला तरी चालते.

अन् एक. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं. वैद्य बंधूंनी सुरू केलं. १९३६ ले त्यांचे खेळाडू बर्लिनले जाऊन आपले देशी खेळ दाखवून आले. थे काही काचेनं मोठं झालं नाही, मातीनं झालं. मल्लखांब शेडमधी एक पुरून द्या, शिकवाले मी आहे.

---

उत्तरायण

पऱ्हाटीताई, तुमची ती दुसरी भेट वाचून अंगावर काटा आला, कारण अगदी अशीच एक भेट वास्तुकलेच्या इतिहासात नोंदलेली आहे.

मी नोकरीनिमित्त दोन वर्षं ब्राझीलला होतो, साओ पावलोत. तिथे पोम्पेया नावाच्या जुन्या कामगार भागात सेस्क पोम्पेया नावाचं केंद्र आहे. तेलाचे पिंप बनवणारा १९३० च्या दशकातला कारखाना, विटांच्या शेडच्या रांगा, मध्ये दगडी रस्ता. सेस्क ही व्यापार-क्षेत्रातल्या कामगारांसाठीची संस्था, १९४६ ची. तिने कारखाना विकत घेतला, आणि आधीचा विचार पाडून नवं बांधायचाच होता. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात काम लीना बो बार्दीकडे आलं. ती मूळची रोमची, १९४६ मध्ये ब्राझीलला आली आणि तिथलीच झाली.

ती पहिल्यांदा गेली तेव्हा तिला रिकामा कारखाना दिसला, त्याची काँक्रीटची सडसडीत चौकट आवडली. दुसऱ्यांदा गेली शनिवारी. तर शेडमधून पोरं धावतायत, गळक्या छताखाली पावसात मुलं हसतायत, आया मांस भाजतायत, बाहुल्यांच्या खेळापुढे मुलांची गर्दी. तिने ठरवलं की हे सगळं असंच चालू राहिलं पाहिजे. सगळा आराखडा त्या एका वाक्यातून आला. शेड ठेवल्या. भिंतींवरचा गिलावा काढून विटा उघड्या केल्या. छताची काही कौलं काढून तिथे काचेची बसवली, बस्स. (आपल्या आजीच्या माजघरात असायचं तसं काचेचं कौल! मी तिथे मान वर करून बराच वेळ उभा होतो.) मोठ्या शेडमध्ये भिंती घालून खोल्या पाडल्या नाहीत. एका बाजूला वाचायला बसायचं, मधून वळणावळणाचा उथळ पाण्याचा पट्टा, त्याला साओ फ्रान्सिस्को नदीचं नाव, आणि एक शेकोटी. वाचणारे, बुद्धिबळ खेळणारे, नुसते झोपलेले, सगळे एका छताखाली. कोणी विचारत नाही की बाबा तू इथे कशासाठी.

१९८२ मध्ये हा भाग उघडला. मग खेळांच्या इमारती, त्या १९८६ मध्ये पूर्ण झाल्या. तिथे खरी अडचण होती. उरलेल्या जागेतून जमिनीखालून एक ओढा जातो आणि त्याच्यावर बांधायला मनाई. तिने ओढ्याच्या दोन बाजूंना दोन काँक्रीटचे मनोरे उभे केले. एकात पोहण्याचा तलाव आणि एकावर एक क्रीडांगणं, दुसऱ्यात कपडे बदलायच्या खोल्या वगैरे. मध्ये हवेत आठ पूल. खेळायला जायचं तर उघड्यावरून, वारा खात, शहर बघत पलीकडे जावं लागतं. आणि खाली ओढ्यावर लांबच लांब लाकडी फळ्यांची जमीन. लोक तिथे उन्हाला पडून राहतात, तिला समुद्रकिनारा म्हणतात. समुद्र नसलेल्या शहरात.

क्रीडांगणांच्या खिडक्यांना काच नाही. भिंतीत गुहेसारखी वेडीवाकडी भोकं आणि आत सरकणारी लाकडी जाळी. वारा आरपार, एसी नाही.

तुमच्या प्रश्नाशी थेट जोडलेली गोष्ट म्हणजे तो मधला दगडी रस्ता. फाटकातून आत आलात की तुम्ही इमारतीत शिरत नाही, एका गल्लीत शिरता. बाहेरचा रस्ताच आत आलेला. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा नुसता चालत होतो, आपण ‘केंद्रात’ आहोत हे दहा मिनिटांनी कळलं.

आणि हो, लीनाने तिचं ऑफिस त्या कारखान्याच्या आवारातच थाटलं होतं. बांधकामाची सगळी वर्षं ती रोज तिथे होती.

---

बाभूळकाटा

वर्णन सुंदर. पण मला विरोध नोंदवायचा आहे आणि मनापासून नोंदवतो आहे.

उत्तरायण, सेस्कला पैसा कुठून येतो तेही सांगा. तिथे व्यापार आणि सेवा क्षेत्रातल्या कंपन्यांच्या पगारपत्रकावर दीड टक्का कायद्याने कापून सेस्कला जातो. झाडणारे, शिकवणारे, स्वयंपाकी, सगळे पगारी. आपल्याकडे बांधायला निधी येतो, चालवायला येत नाही. मी आमच्या गावातल्या एका खुल्या समाजमंदिराच्या समितीवर सहा वर्षं होतो. ‘सगळ्यांसाठी उघडं’ असं आम्हीही ठरवलं होतं. पहिल्या वर्षी नळाच्या तोट्या गेल्या. दुसऱ्या वर्षी संडासांची दारं. तिसऱ्या वर्षी संध्याकाळी सातनंतर तिथे फक्त बाटल्या घेऊन बसणारे उरले, आणि बायकांनी यायचं सोडलं. शेवटी भिंत बांधा म्हणून बायकांनीच अर्ज दिला.

भिंत मलाही आवडत नाही. पण भिंत बांधणारा प्रत्येक माणूस अडाणी असतो असं समजू नका. काहीतरी गमावल्यावर बांधलेली असते ती.

---

निंबोळी

बाभूळकाटा यांच्या समितीतला अनुभव खरा आहे, मी तो नाकारणार नाही. पण त्या बायकांनी भिंत का मागितली ते थोडं उलगडूया.

बाई एखाद्या जागी जायचं थांबवते ते बाटलीवाल्यांमुळे, हे अर्धंच झालं. बाटलीवाले तिथे का येतात? जागा रिकामी असते म्हणून. आणि रिकामी का? सातनंतर बाईला तिथे काही काम नसतं, दिवा नसतो, आणि संडास इमारतीच्या मागे, अंधारात असतो. आराखड्यात संडास नेहमी मागे का ढकलतात? पऱ्हाटीताई, बायकांच्या संडासाचं दार वाटेकडे तोंड करून ठेवा, लाजू नका. दारासमोर दिवा. आत पिशवी टांगायला खुंटी आणि कचऱ्याचा झाकणाचा डबा. मी मोठमोठ्या संकुलांत पाहिलंय, लाखोंचं ग्रॅनाईट आहे आणि खुंटी नाही.

दुसरं, मुली. मैदानींच्या बारा मुली पहाटे येतात कारण पहाटे फाटकावर कोणी उभं नसतं. संध्याकाळी कबड्डी खेळायला येणारी मुलगी जर एकाच मोठ्या कमानीखालून, पोरांच्या घोळक्यातून येणार असेल, तर आठ दिवसांत घरचे तिला थांबवतील. दोन-तीन वाटा हव्यात. एक शाळेकडून, थेट. कमान नसली तरी चालेल.

तिसरं, कट्टा. मी लग्नानंतर अकरा वर्षं दादरला होते. शिवाजी पार्कचं मैदान १९२५ मध्ये लोकांसाठी उघडलं आणि १९२७ मध्ये त्याला महाराजांचं नाव मिळालं. तिथे क्रिकेटवर कितीही बोला, माझ्यासारख्या बाईला ते मैदान मिळालं ते कट्ट्यामुळे. मैदानाभोवती सगळीकडे बसता येईल एवढ्या उंचीचा कठडा. हद्द आहे, पण ती बसायची आहे. मी मुलाला बाबागाडीत घेऊन रात्री साडेनऊला एकटी बसलेली आहे तिथे, कारण दर वीस पावलांवर दुसरं कोणी बसलेलं असायचं. भिंत आणि उघडं रान, या दोनांमध्ये कट्टा आहे. तुमची सात फुटी भिंत दीड फुटावर आणा आणि वरून दगडाची रुंद लादी टाका.

ओट्यावरच्या कुरडयांना हात लावू नका. तो ओटा तापतो म्हणूनच चांगल्या वाळतात.

---

पऱ्हाटी

निंबोळीताई, खुंटी लिहून घेतली. खरंच लिहून घेतली, नकाशावर.

बाभूळकाटा, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. ‘गमावल्यावर बांधलेली असते’ हे मला माहीत नव्हतं, म्हणजे त्या बाजूने मी विचार केला नव्हता. तुमच्या समाजमंदिराला वहिवाटीची वाट होती का? म्हणजे लोक मुद्दाम तिथे यायचे, की कुठेतरी जाताना तिथून जायचे?

---

बाभूळकाटा

नव्हती. गावाच्या टोकाला होतं, जागा फुकट मिळाली म्हणून. मुद्दामच यावं लागायचं. हा फरक आहे, मान्य करतो.

---

भारी_जमीन

स्थापत्य अभियंता आहे, अकोल्याकडे बरीच कामं केली आहेत. थोडं जमिनीवरचं आणि उन्हाचं बोलतो.

काळी माती पावसात फुगते आणि मेमध्ये फाटते, हात जाईल एवढ्या भेगा. जुनी शेड इतकी वर्षं उभी असेल तर तिच्या पायाने त्या जमिनीशी जुळवून घेतलंय. पाडायच्या आधी हे लक्षात घ्या. नवं जे काही बांधाल त्याला साधा उथळ पाया नको. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने आपल्याकडे रुजवलेला फुगवट्याचा पाइल (जमिनीत खोल जाणारा काँक्रीटचा खांब) वापरा: खाली कांद्यासारखा फुगा, साधारण खांबाच्या अडीच पट व्यासाचा, ऋतूनुसार हलणाऱ्या थराच्या खाली. आणि नव्या भिंतीला चिकटून मोठी झाडं लावू नका, मुळं ओल ओढतात आणि जमीन एका बाजूने बसते.

जुन्या दगडी भिंतीचे सांधे चुन्याचे असतील. त्यावर सिमेंटचा गिलावा कृपा करून करू नका. ओल आत कोंडते, दोन पावसाळ्यांत पोपडे येतात. दगडांमधल्या फटी चुन्यानेच भरा. चुन्याचे कारागीर मिळायला वेळ लागेल, पण मिळतात.

ऊन. तुमचं गाव २१ अंश अक्षांशाच्या आसपास असणार. २१ जूनला दुपारी सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला गेलेला असतो, डिसेंबरात दक्षिणेला ४५ अंशांवर. त्यामुळे दक्षिणेची बाजू साध्या छज्जाने सांभाळता येते: उन्हाळ्यात सावली, थंडीत ऊन आत. छळणारी बाजू पश्चिम. तिरपं ऊन, मेमधला गरम वारा, सगळं तिकडून. पश्चिमेला काच लावणं म्हणजे भट्टीचं दार उघडणं. तिकडे जिना, सामानाची खोली, जाड भिंत असं काहीतरी ठेवा. आणि नशिबाने तिकडेच तुमचा नाला आहे. काठाने अर्जुनसादडा, करंज, उंबर लावा, इमारतीपासून लांब. दहा वर्षांत पश्चिमेची भिंत झाडांची होईल.

खेळांबद्दल एक सावधगिरी. उत्तरायण यांनी सांगितलेली वारा आरपार जाणारी क्रीडांगणं बास्केटबॉलला, कबड्डीला छान. बॅडमिंटनला नाही. ते फूल पाच ग्रॅमचं असतं, वाऱ्याच्या झुळकेने रेषेबाहेर जातं. शिवाय बॅडमिंटनला वर नऊ मीटर तरी मोकळी उंची हवी, जिनिंगच्या शेडला ती नसणार. मग सगळं एका हॉलमध्ये कोंबण्यापेक्षा शेडमध्ये मल्लखांब, कुस्ती, १३ बाय १० ची कबड्डीची मॅट, टेबल टेनिस ठेवा. बॅडमिंटनसाठी वेगळी, साधी, बंद पेटी.

पाणी: दोन्ही शेडचं छप्पर मिळून ९०० चौरस मीटर धरलं आणि वर्षाचा पाऊस ८०० मिलिमीटर, तर सात लाख लिटरच्या वर पाणी पडतं. वाया गेलेलं सोडून सहा लाख तरी हाती येतं. टाकी ओट्याच्या बाजूला जमिनीत करा.

---

मांडवीकाठ

गोव्याहून. पणजीच्या कला अकादमीबद्दल दोन ओळी लिहिल्याशिवाय राहवत नाही. चार्ल्स कोरिया यांचं काम, १९८३ मध्ये पूर्ण झालं. कांपालच्या रस्त्यावरून बघा, इमारत उंच उठून समोर उभी राहत नाही, आडवी पसरते. वर काँक्रीटच्या पट्ट्यांचा मांडव, सावली जमिनीवर हलत असते. रस्त्यावरून आत शिरायचं आणि सरळ चालत मांडवीच्या काठाला निघायचं. मध्ये नाट्यगृह आहे, वर्ग आहेत, पण वाट अडत नाही. लहानपणी आम्ही नाटकाला कमी आणि नदीवर बसायला जास्त गेलो असू. जाता-येता तबल्याचे वर्ग ऐकू यायचे. माझी बहीण तशीच ऐकून ऐकून तबला शिकायला लागली, आज शिकवते.

पऱ्हाटीताई, वाटेच्या कडेला कानावर पडेल, डोळ्यांना दिसेल असं काहीतरी ठेवा. नुसती वाट पुरणार नाही.

---

उत्तरायण

मांडवीकाठ, सेस्कच्या गल्लीतही हेच आहे. मातीकामाच्या, विणकामाच्या, छपाईच्या कार्यशाळा तिथे आहेत, आणि त्यांच्या भिंती छतापर्यंत न नेता अर्ध्यावर सोडलेल्या.

एका बाबतीत मात्र सेस्कची नक्कल नको. तिथला ओढा आधीच गाडलेला होता, लीनाने त्यावर लाकडी किनारा केला, तिच्या हातात तेवढंच होतं. तुमचा नाला अजून उघडा आहे. त्यावर स्लॅब टाकायची कल्पना कोणीतरी नक्की मांडेल. टाकू देऊ नका. झाकलेला नाला कोणी साफ करत नाही, आणि मोठ्या पावसात पाणी जागा मिळेल तिथून वर येतं.

---

बाभूळकाटा

नाल्यावर स्लॅब नको याच्याशी पूर्ण सहमत. पण त्यात सांडपाणी येतं आहे ना? उघड्या गटाराच्या काठावर अर्जुन लावून वास जाणार नाही. वस्तीच्या मलवाहिनीचा प्रश्न क्रीडा संकुलाच्या निधीतून सुटणार नाही, आणि तो सुटल्याशिवाय ती पश्चिम बाजू कोणी वापरणार नाही. हे आजच लिहून ठेवा.

---

पऱ्हाटी

तीन आठवड्यांनी धागा वर आणतेय. दरम्यान माहेरी जाऊन राहिले. शाळेच्या हेडमास्तरांनी आठवी-नववीची मुलं दिली. नकाशाच्या प्रती काढल्या आणि आम्ही चार वेळा जागेवर फिरलो: पहाटे पाच, सकाळी दहा, दुपारी चार, रात्री नऊ. जो माणूस दिसेल त्याचा नकाशावर ठिपका, बायकांना लाल, पुरुषांना निळा. हे सगळं एकदा गुरुवारी केलं, एकदा रविवारी.

रात्री नऊच्या नकाशावर लाल ठिपके फक्त पायवाटेवर आहेत. एकही बसलेला नाही, सगळे चालणारे. निंबोळीताई जे म्हणत होत्या ते आमच्यासमोर कागदावर आलं. आणि एका मुलीने मला विचारलं, ‘ताई, निळे ठिपके बसलेत तिथे खुर्ची दाखवू का?’ निळे बसतात आणि लाल चालतात हे तिने माझ्याआधी पाहिलं होतं.

जिनिंगमध्ये पूर्वी काम केलेले एक आजोबा निंबाखाली भेटले. त्यांनी शेडच्या वरच्या झडपांची गोष्ट सांगितली. रुईचा धुरळा छातीत जायचा, म्हणून कौलांच्या पाठीशी झडपा ठेवलेल्या, दोरीने उघडायच्या. आता गंजून बंद आहेत. गरम हवा वरून निघून जायची सोय तिथे आधीपासूनच होती आणि मी वरती पंख्यांचा खर्च मांडत होते.

आता काय ठरलं ते सांगते. शेड राहतात. ‘पाडणे’ खोडायला मुख्याधिकाऱ्यांसमोर खर्चाचा तक्ता ठेवावा लागला. दुरुस्ती नव्या बांधकामापेक्षा स्वस्त निघाली म्हणून ते मानले. मला वाटलं होतं शेडच्या सौंदर्यावर बोलावं लागेल, पण तो विषयच निघाला नाही.

पायवाट राहते. नुसती राहत नाही, तिच्यावरच सगळं टांगलंय. नाल्यावर पायी जाण्याचा छोटा पूल, एकास बारा उताराचा, म्हणजे चाकाची खुर्ची आणि भाजीची हातगाडी दोन्ही जातील. वाट दोन शेडच्या मधून ओट्याच्या कडेने बाजारात निघते. ती रात्रंदिवस उघडी. बाभूळकाटा, तुमच्यासाठी: कुलूप वाटेला नाही, खोल्यांना. प्रत्येक शेडला स्वतःचं दार, सामानाच्या खोलीला जाळी. वाटेच्या बरोबर मध्यावर चहाची टपरी आणि तिला लागून बायकांचे संडास, दारं वाटेकडे. टपरीचं भाडं नाममात्र, बदल्यात दिवे आणि संडास सांभाळायचे. टपरी महिला बचत गटाला द्यावी असा प्रस्ताव गेलाय. मंजुरी अजून नाही.

बाजाराकडे आणि शाळेकडे दीड फुटी दगडी कट्टा, वरून रुंद लादी. लादीसाठी इथलाच काळा दगड. नाल्याकडे मात्र सध्या जाळी लागेल, कारण बाभूळकाटा यांचं सांडपाण्याबद्दलचं म्हणणं बरोबर निघालं. वस्तीच्या मलवाहिनीचा प्रस्ताव वेगळा पाठवलाय. झाडं मात्र याच पावसाळ्यात लावतोय, त्यांना वेळ लागतो.

नवी इमारत एकच, एक मजली: बॅडमिंटनची पेटी आणि तिच्या अंगाला वाचनाची खोली. काच नाही. सभागृह नाही. या ‘नाही’वरून अजून भांडण चालू आहे. मी म्हणतेय की ओट्यावर मांडव टाकला की पाचशे माणसं बसतात, दर वर्षी गणपतीत बसतातच. कमानीवरही एकमत नाही.

आणि मी वजनकाट्याची खोली झाडून घेतलीय. काम सुरू झालं की आठवड्यातून तीन दिवस तिथे बसणार. उत्तरायण, हे तुमच्यामुळे.

---

बाभूळकाटा

टपरीची अट लेखी करारात घाला, तोंडी नको. आणि पहिल्या वर्षी संडासाच्या दारांचा निधी राखीव ठेवा, लागतोच. बाकी माझा विरोध मागे. पूल झाला की मला बघायला यायचं आहे.

---

निंबोळी

त्या मुलीला माझा नमस्कार सांगा. आणि लाल ठिपके बसतील अशी जागा टपरीसमोर करा, पाठ टेकायला काहीतरी असू द्या. कट्ट्यावर म्हातारी बाई फार वेळ बसू शकत नाही.

---

मैदानी

ताई, नकाशा पाह्यला. फेरा मस्त काढला, पण मी काल दोरी धरून मोजलं तर थो २०६ मीटर भरते. निंबाच्या अलीकडून घेतला तर बरोबर २०० मधी बसते, पण मंग पत्तेवाले म्हाताऱ्यायले उठवा लागते, अन् थे मी करणार नाही. वजनकाट्याकडचं वळण तीन मीटर आत घेतलं तर जमते असं मले वाटते. कागदावर नाही समजणार, जागेवर आखून पाहू.

रविवारी सकाळी सहाले या. रेघा आखाले फक्कीची (चुन्याच्या भुकटीची) दोन पोती मी आणतो. माह्याकडचा टेप ३० मीटरचा आहे, कोणाकडं ५० चा असन तर घेऊन या. अन् गुरुवारचे टेम्पो कुठं लावाचे थेही तेव्हाच पाहून घेऊ, काहून का तुमच्या नकाशात थे अजून आमच्या गोळाफेकीत उभे आहेत.